स्नानसंस्काराची वही कोणाची?

(ज्युबिली समारंभाच्या निमित्तानें निर्मळ येथें दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करावें, देवळाच्या उभारणीचा इतिहास सांगावा, अशी रीत आहे. आणि तें काम आमच्याहून अधिक जाणत्या मंडळींनीं या व्यासपीठावरून उत्तम प्रकारें केलें आहे. आम्हीं आज एका लहानशा, परंतु कित्येक दिवस मनास लागून राहिलेल्या गोष्टीविषयीं बोलावयाचें ठरविलें आहे. ती गोष्ट म्हणजे धर्मग्रामाच्या कचेरींत कुलपाखालीं असलेली स्नानसंस्काराची नोंदवही.

हा विषय निघण्यास कारण असें घडलें. स्मरणिकेची तयारी चालू असतां कांहीं उत्साही तरुणांनीं सूचना आणिली कीं, आजवर ज्यांचा ज्यांचा येथें बाप्तिस्मा झाला त्या सर्वांचीं नांवें, जन्मतारखा, आईबापांचीं व धर्मपिता-धर्ममातांचीं नांवें, अशी संपूर्ण यादी स्मरणिकेंत छापावी. तेवढें जमत नसेल तर वहीच्या पानांचीं छायाचित्रें मोबाईलवर घेऊन ठेवावीं, म्हणजे आखातांत किंवा कॅनडांत गेलेल्या कुटुंबांसहि आपली वंशावळ घरबसल्या पाहतां येईल. सूचना सद्हेतूची होती. आम्हीं ती नाकारली. नाकारतांना कारण नीट सांगितलें नाहीं; "नियमांत बसत नाहीं" एवढेंच म्हटलें, आणि त्या मुलांचे चेहरे उतरले. नियमाचें नांव पुढें करून प्रश्न मिटविणें ही आम्हां धर्मगुरूंची जुनी खोड आहे. तेव्हां तें राहून गेलेलें कारण आज सर्वांपुढें मांडतों.

आरंभ आपल्या शेजारच्या सोपाऱ्यापासून करूं. १३२१ सालीं ठाण्यास चार फ्रान्सिस्कन बंधूंना हौतात्म्य आलें. त्यांच्याबरोबर आलेला डोमिनिकन संन्यासी जोर्दानुस यानें त्यांचे देह सोपाऱ्यास आणून पुरले. पुढें आपल्या बांधवांस धाडलेल्या पत्रांत, ठाणें व सोपारा यांच्या दरम्यान पस्तीस जणांचा बाप्तिस्मा झाल्याचें तो कळवितो. संख्या आहे, नांवें नाहींत. ते पस्तीस जण कोण, कोणाचे कोण, हें आज देवावांचून कोणास ठाऊक नाहीं. इतिहासाच्या दृष्टीनें ही हानि आहे खरी; पण त्यांच्या वंशजांस त्यावरून कोणी कधीं टोचून बोललें नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

नांवें लिहिण्याची सक्ती झाली ती त्रेंतच्या धर्मपरिषदेपासून. ११ नोव्हेंबर १५६३ रोजीं झालेल्या तिच्या चोविसाव्या बैठकींत असें ठरलें कीं, धर्मगुरूनें विवाहांची वही ठेवावी आणि बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपिता-धर्ममाता कोण हेंहि पुस्तकांत लिहावें. हेतु मर्यादित होता. चोरून होणाऱ्या विवाहांस आळा बसावा आणि आत्मिक नातें जडलेल्यांचा आपसांत विवाह होऊं नये, एवढाच. या आत्मिक नात्याचें आपल्याकडे किती महत्त्व होतें तें 'कुपारी' या शब्दावरूनच दिसतें. मुलाचा बाप व धर्मपिता एकमेकांस 'कोंपाद्रे' या ज्या पोर्तुगीज शब्दानें हाक मारीत, त्यापासून तो आला असें सांगतात.

पुढें १६१४ च्या रोमन विधिपुस्तकानें बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यु आणि कुटुंबांची स्थिति अशा पांच वह्यांची पद्धत घालून दिली. सरकारी जन्मनोंदणी गांवोगांव पोहोंचण्यापूर्वीं शाळेंत, नोकरींत, परदेशीं जातांना, वारसा लावतांना याच वहीचा उतारा जन्माचा पुरावा म्हणून पुढें येऊं लागला. देवाच्या कृपेची नोंद व्हावी म्हणून उघडलेली वही अशा रीतीनें दुनियेच्या व्यवहारांत ओढली गेली. आणि ती वाढतहि गेली. १९८३ च्या धर्मनियमसंहितेच्या ५३५ व्या नियमाप्रमाणें दृढीकरण, विवाह, दत्तकविधान, गुरुदीक्षा, संन्यासव्रतें यांचीं टिपणें बाप्तिस्म्याच्या त्याच नोंदीशेजारीं करावीं लागतात; विवाह मुळांतच अवैध ठरला तर तेंहि तेथेंच लिहिलें जातें. एका माणसाची सगळी कहाणी तळहाताएवढ्या जागेंत मावते. ज्याच्या हातीं तें पान लागलें त्यास दुसरें कांहीं विचारावयास नको.

आतां आमची स्वतःची एक चूक सांगतों. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत, आम्ही नवे सहायक धर्मगुरु होतों. कोणाची ओळख पटेल असें कांहीं येथें सांगत नाहीं, आणि तपशीलहि थोडा बदलला आहे. एके संध्याकाळीं एक सभ्य गृहस्थ कचेरींत आले. त्यांच्या नात्यांतील मुलासाठीं एका मुलीचें स्थळ पाहिलें होतें; मुलीचें वय खरें सांगितलें आहे कीं नाहीं एवढेंच त्यांस पाहावयाचें होतें. मागणी आम्हांस साधी वाटली. आम्हीं वही काढली, पान उघडलें, आणि तेवढ्यांत फोन वाजला म्हणून उठलों. दोन-तीन मिनिटें वही त्यांच्यापुढें उघडी पडली होती. तारीख बरोबर होती. त्या तारखेशेजारची बापाच्या नांवाची जागा मात्र कोरी होती.

आठ दिवसांत स्थळ मोडलें. कारण कोणीं सांगितलें नाहीं. पण गांवांत कारण सांगावें लागत नाहीं. स्वतः त्या मुलीला आपल्या जन्माची गोष्ट विहिरीवरच्या कुजबुजींतून कळली. मग एके दिवशीं तिची आई आली. ती रागावेल अशी आमची अपेक्षा होती, आणि रागावली असती तर बरें झालें असतें. ती बाकावर बसली व हळूच म्हणाली, "फादर, हिला मी अजून सांगितलें नव्हतें. लग्न ठरल्यावर मीच सांगणार होतें. त्या वेळच्या फादरांनीं मला म्हटलें होतें, बाय, वहींतली गोष्ट वहींतच राहील." त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आजहि सुचत नाहीं. त्या मुलीचें पुढें काय झालें हें ऐकण्याची इच्छा आपणांस झाली असेल. तें आम्हांस ठाऊक आहे, आणि तें आम्ही सांगणार नाहीं.

त्या कोऱ्या जागेविषयीं थोडें अधिक बोललें पाहिजे. ती धर्मगुरूच्या विसराळूपणानें राहिलेली नव्हती. धर्मसभेचा ८७७ वा नियम असें सांगतो कीं, अविवाहित मातेच्या मुलाची नोंद करतांना आईचें नांव तिचें मातृत्व जगजाहीर असेल तर किंवा तिनें स्वतः लेखी अथवा दोन साक्षीदारांसमक्ष तशी इच्छा दर्शविली तरच लिहावें. बापाचें नांव सरकारी कागदानें सिद्ध असेल किंवा त्यानें धर्मगुरु व दोन साक्षीदार यांच्यासमोर कबूल केलें तरच लिहावें. एरवीं फक्त मुलाचें नांव लिहून पुढें जावें. कोणाच्या बापाची चौकशी करून ती वहींत भरा, असें धर्मसभा सांगत नाहीं. म्हणजे ती कोरी जागा ही एका बाईला आणि तिच्या लेकराला दिलेली सावली होती. आम्हीं वही उघडी टाकून त्या सावलीचीच चहाडी करविली.

पूर्वीं ही सावली इतकी दाट नव्हती, हेंहि कबूल केलें पाहिजे. पोर्तुगीज रीतीच्या जुन्या वह्यांत 'पिता अज्ञात' अशा अर्थाचे शब्द सर्रास लिहीत, आणि ते शब्द जन्मभर त्या माणसाच्या पाठीमागें फिरत. १९१७ च्या संहितेप्रमाणें अनौरस जन्म हा गुरुदीक्षेच्या आड येई; १९८३ च्या संहितेंतून तो अडथळा गेला. आईबापांचा दोष मुलाच्या कपाळीं लिहूं नये हें आपण सर्वजण प्रवचनांत ऐकत आलों, पण आमच्या शाईला तें कळण्यास बराच काळ लागला.

याच दुःखाची एक फिर्याद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, आणि फिर्याद करणारी स्त्री आपल्याच ख्रिस्ती समाजांतील होती. तिचें नांव आम्हांस माहीत नाहीं, कारण निकालपत्रांतहि तें आलें नाहीं. तेथें 'ए बी सी' एवढींच तीन अक्षरें आहेत. लग्नावांचून तिला २०१० सालीं मुलगा झाला. स्वतः कमावून ती त्याला वाढवीत होती. आपल्या ठेवींना व विम्याला त्या मुलाचें नांव लावावें म्हणून गेली, तेव्हां बापाचें नांव सांगा किंवा पालकत्वाचा हुकूम आणा, असें उत्तर मिळालें. हुकूम मागावयास दिल्लीच्या कोर्टांत गेली, तर तेथेंहि बापाचें नांव व पत्ता द्या म्हणाले. तिनें तो दिला नाहीं. अर्ज फेटाळला गेला. उच्च न्यायालयानेंहि तेंच केलें. शेवटीं ६ जुलै २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तिच्या बाजूनें निकाल दिला. हिंदु अविवाहित माता कायद्यानेंच मुलाची नैसर्गिक पालक ठरते, ख्रिस्ती मातेची स्थिति मात्र त्याहून दुबळी आहे, ही उणीव न्यायमूर्तींनीं बोलून दाखविली. बापाचें नांव सांगण्याची सक्ती हा तिच्या खासगीपणावर घाला आहे असें म्हटलें. आणि यापुढें एकट्या मातेनें आपल्या मुलाच्या जन्मदाखल्यासाठीं अर्ज केल्यास केवळ प्रतिज्ञापत्र घेऊन दाखला द्यावा, असा आदेश दिला.

त्या निकालांतील एक गोष्ट आमच्या फार मनांत भरली. मोठेपणीं मुलाला आपला बाप कोण हें जाणण्याचा हक्क आहे, याची न्यायमूर्तींनीं त्या मातेस जाणीव करून दिली. तिनें नांव व कांहीं तपशील त्यांना सांगितला. तो एका पाकिटांत घालून मोहोरबंद करण्यांत आला, आणि न्यायालयाच्या खास आज्ञेवांचून तें पाकीट उघडूं नये असें ठरलें. आमच्या धर्मनियमांतहि बिशपांच्या कचेरींत गुप्त दप्तर ठेवण्याची आज्ञा आहे. त्याची किल्ली फक्त बिशपांजवळ असावी असा नियम आहे. सत्य पुसून टाकावयाचें नाहीं आणि बाजारांतहि मांडावयाचें नाहीं, ही मधली वाट न्यायालयाला सांपडली तशी ती आमच्या कपाटालाहि सांपडली पाहिजे.

कोणी म्हणेल, फादर, हें बायाबापड्यांच्या अब्रूपुरतें ठीक. पण बहुतेकांच्या नोंदींत लपविण्यासारखें काय आहे? जर्मनींतील ख्रिस्ती लोकांसहि एके काळीं असेंच वाटत होतें. ७ एप्रिल १९३३ रोजीं तेथील नाझी सरकारनें यहुदी वंशाच्या माणसांस सरकारी नोकरींतून काढण्याचा कायदा केला. आपण 'आर्य' आहों हें सिद्ध करण्यासाठीं लोक आपल्या आईबापांच्या व आजा-आजींच्या बाप्तिस्म्याचे दाखले मागूं लागले, आणि धर्मग्रामांच्या कचेऱ्यांवर अर्जांचा पाऊस पडला. ज्याच्या आजाचा बाप्तिस्मा बालपणीं न होतां प्रौढ वयांत, यहुदी धर्मांतून येऊन झाला होता, त्याच्या नातवाच्या मुळावर ती एक ओळ आली. लिहिणाऱ्या धर्मगुरूनें ती आनंदानें लिहिली असेल. शंभर वर्षांनीं ती कोण वाचणार आहे हें त्यास कोठून ठाऊक असणार?

आपला निर्मळ गांव शहाणा आहे. तळ्याकांठीं शंकराचार्यांचें मंदिर आहे, कार्तिकांत जत्रा भरते, आणि देवळाची घंटाहि वाजते. कोणीं कोणाचें मूळ उकरून काढण्याची गरज पडत नाहीं. पण कोणत्या घराण्याची मूळ जात कोणती, कोण केव्हां ख्रिस्ती झाला, कोणास दत्तक आणिलें, हें सर्व छापून एकदां घरोघर गेलें म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांत तें कोणाच्या हातीं जाईल याची हमी कोण देणार? आम्ही तर देऊं शकत नाहीं.

सरकारी कायद्याची गोष्ट थोडक्यांत सांगतों. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्यानें सरकारी वहींत शोध घेण्याची व उतारा मागण्याची मुभा कोणाहि माणसास ठेवली. मृत्यूचें कारण तेवढें उताऱ्यांत उघड करूं नये म्हटलें. मेलेल्याची लाज राखली, जन्मलेल्याची राखावयाची राहिली, असें आम्हांस वाटतें. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ सालीं संसदेनें व्यक्तीच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्याच वर्षीं जन्मनोंदणीच्या कायद्यांत सुधारणा होऊन १ ऑक्टोबरपासून जन्मणाऱ्या मुलांस शाळा, मतदारयादी, पासपोर्ट, विवाहनोंदणी यांसाठीं जन्मदाखला हाच तारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा झाला. दाखल्याचें वजन वाढलें, तसें तो भलत्याच्या हातीं पडण्याचें भयहि वाढलें. बँका खातेदाराची ओळख पटविण्यासाठीं आईचें माहेरचें नांव व जन्मतारीख विचारतात. आणि आम्ही तीं दोन्ही बारशाच्या आमंत्रणाबरोबर व्हॉट्सॲपवर शंभर जणांस पाठवितों! झेरॉक्सच्या दुकानांत विसरलेले दाखले आम्हीं स्वतः उचलून आणले आहेत, आणि त्यांतला एक आमच्याच कचेरींतून गेलेला होता.

आतां दोन आक्षेप. पहिला असा कीं, धर्मसभाच विवाहापूर्वीं वधूवरांचीं नांवें देवळांत जाहीर करते, मग ही लपवाछपवी कशासाठीं? उत्तर सोपें आहे. विवाहास आडकाठी आहे कीं नाहीं हें समाजास कळलें पाहिजे, म्हणून तेवढें जाहीर होतें. वधू अविवाहित आहे व तिचा बाप्तिस्मा झाला आहे, हें वराच्या धर्मगुरूस आमच्या दाखल्यावरून कळतें. तिच्या आईच्या तरुणपणाची हकीकत वराच्या मावशीस कळलीच पाहिजे असें कोणत्याहि धर्मनियमांत नाहीं.

दुसरा आक्षेप अवघड आहे, आणि त्याचें पुरतें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. दत्तक गेलेलें मूल मोठें होऊन आपली जन्मदाती कोण असें विचारीत आलें तर? ४८७ व्या नियमाप्रमाणें स्वतःच्या स्थितीविषयींच्या, स्वभावतः खुल्या असलेल्या कागदांचा अधिकृत उतारा मागण्याचा हक्क ज्याचा त्यास आहे. आयर्लंडनें २०२२ सालीं कायदा करून दत्तक गेलेल्यांस आपला जन्मदाखला मिळण्याचा हक्क दिला. तेथें कित्येकांनीं त्यासाठीं म्हातारपणापर्यंत वाट पाहिली होती. आपल्या देशाचे २०२२ चे दत्तकविषयक नियम मुलास मुळाचा शोध घेऊं देतात, पण जन्मदात्या आईबापांच्या खासगीपणास त्यानें धक्का लागूं नये असेंहि बजावतात. एका बाजूस आईला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूस लेकराची तहान. आमचें मन लेकराकडे झुकतें. पण ती बाकावर बसलेली आई डोळ्यांपुढें आली कीं पुन्हा डळमळतें. असा प्रसंग आला तर आम्ही एकट्यानें निर्णय करणार नाहीं, बिशपांकडे जाऊं, आणि शक्य असल्यास आधीं त्या आईचें दार हळूच ठोठावूं.

छायाचित्रांविषयींहि सांगून टाकतों. जगभरच्या धर्मग्रामांच्या वह्यांच्या प्रतिमा घेऊन वंशावळी जुळविणारी एक मोठी संस्था अमेरिकेंतील यूटा प्रांतांत आहे. मॉर्मन पंथाचे लोक तीं नांवें घेऊन मृतांच्या वतीनें बाप्तिस्मा करितात, म्हणून ५ एप्रिल २००८ च्या पत्रानें रोमहून सर्व बिशपांस कळविण्यांत आलें कीं, त्या संस्थेस वह्यांच्या प्रतिमा घेऊं देऊं नयेत. आमच्या तरुणांचा असा कांहीं बेत नव्हता हें आम्ही जाणतों. पण मोबाईलमधील चित्र एकदां सुटलें म्हणजे तें कोणत्या देशांत जाऊन बसेल हें त्यांनाहि सांगतां येणार नाहीं.

तेव्हां वही कोणाची? ती आमची नाहीं. आमच्या मागून दुसरे फादर येतील, किल्ली त्यांच्या हातीं देऊन आम्ही जाऊं. ती ज्युबिली समितीचीहि नाहीं. तींतील प्रत्येक ओळ ज्याची त्याची आहे. म्हणून असें ठरविलें आहे: स्मरणिकेंत दर वर्षीं किती बाप्तिस्मे झाले एवढे आंकडे छापावे, जोर्दानुसच्या पत्रासारखे. इतिहासाचा अभ्यास करणारा कोणी आला तर अगदीं जुन्या वह्या बिशपांच्या अनुज्ञेनें, आमच्या समोर बसून पाहाव्या. दाखला ज्याचा त्यास, अथवा अल्पवयीन मुलाच्या आईबापांस मिळेल. शेजाऱ्यास, मध्यस्थास, स्थळ पाहणाऱ्यास मिळणार नाहीं, मग ते कितीहि सभ्य असोत. रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर कचेरीच्या दारांत जी गर्दी होते, तींत आमचा मदतनीस मोठ्यानें नांवें पुकारतो. तें या रविवारपासून बंद. एकेकानें आंत यावें, दार लोटावें आणि मग बोलावें.

आणि ज्यांस आपली स्वतःची नोंद छापून यावी अशी हौस आहे त्यांनीं आपण होऊन ती आमच्याकडे आणून द्यावी. त्यासाठीं स्मरणिकेंत चार पानें राखून ठेविलीं आहेत. त्या पानांचें काम आम्हीं त्याच तरुणांकडे सोंपविलें आहे, आणि ते आतां घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून त्यांच्या आठवणी लिहून घेत आहेत. पहिली आठवण एका आजींची आली. धर्ममातेनें आपल्याला कोणतें आंगडें घातलें, पावसांत कोणत्या वाटेनें देवळांत नेलें, हें त्यांनीं आपल्या आईकडून ऐकलेलें सगळें सांगितलें, आणि शेवटीं मुलांना ताकीद दिली कीं जन्मसाल मात्र छापूं नका. तें छापलेलें नाहीं.